कंडक्टिव्ह पॉलिमर चढवलेल्या कापडाचा रेझिस्टन्स दर वेळी वेगळा येतोय, कुठे चुकतंय?

सायली_इचल
सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, मी टेक्स्टाइल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, इचलकरंजीत. प्रोजेक्ट म्हणजे कॉटन पॉपलिनवर पॉलिपायरोल (करंट वाहून नेणारं पॉलिमर) चढवायचं आणि त्यातून करंट सोडून शेकायची पट्टी बनवायची. घरचे सहा लूम आहेत, पप्पा २६ वर्षं पाळी करतायत, कंबर पार गेलीय त्यांची. गरम पाण्याची पिशवी बांधून लूमवर उभं राहता येत नाही म्हणून हा विषय मुद्दाम घेतला.

केलं ते असं. ब्लीच केलेलं कापड घेतलं, ३० नंबर सूत, ६८ बाय ६४. पायरोल (ज्याचं पॉलिपायरोल बनतं ते द्रव) आणि पीटीएसए (पॅराटोल्युइन सल्फोनिक अ‍ॅसिड) यांच्या बाथमध्ये अर्धा तास भिजवलं, बाथ बर्फात ठेवून ५ डिग्रीच्या आसपास आणला आणि फेरिक क्लोराइड (पायरोलचं पॉलिमर करणारं ऑक्सिडंट) थेंब थेंब सोडलं. दोन तासांनी कापड काळंकुट्ट, धुतलं, वाळवलं, १० सेंमी लांब आणि ५ सेंमी रुंद तुकडा कापला, दोन्ही टोकांना कॉपर टेप चिकटवून मल्टिमीटर लावला. पहिल्यांदा ७१० ओहम, परत लावला तर ९००, परत ८३०. टेपवर बोट दाबून धरलं की ६६० पर्यंत खाली येतो आणि बोट काढलं की पुन्हा वर. आणि आता तीन आठवड्यांनी तोच तुकडा २.१ किलोओहम दाखवतोय!! गाईड म्हणतात एक आकडा सांग, मी कुठला सांगू?

मीटर_हातात
सोमवार, रात्री ११:१५

बोट दाबल्यावर कमी होतो यातच निम्मं उत्तर आहे. तू कापड मोजतच नाहीयेस, कापड अधिक दोन्ही टोकांचे जोड असं सगळं मिळून मोजतेयस. कापड खडबडीत असतं, टेप सुताच्या फक्त वरच्या उंचवट्यांना टेकते, त्यामुळे टेकण्याची जागा थोडी आणि जोडाचा रेझिस्टन्स मोठा. दाब दिला की जास्त सूत टेकतं आणि आकडा पडतो.

यावर साधा उपाय आहे, २ सेंमी रुंदीची लांब पट्टी काप आणि क्लिपमधलं अंतर २, ४, ६, ८, १० सेंमी ठेवून पाच वाचनं घे. ग्राफ काढ, लांबी आडवी आणि ओहम उभे. रेघ सरळ आली पाहिजे. ती रेघ शून्य लांबीला जिथं उभ्या अक्षाला छेदते तेवढे ओहम जोडांचे, आणि रेघेचा चढ म्हणजे खरं कापड.

अजून एक, तुकडा टेपसकट तीन आठवडे ठेवला होतास का? टेप उचलून खाली काय दिसतंय ते सांग.

प्रोसेस_काका
मंगळवार, सकाळी ७:०५

पोरी, आधी कापडाचं बोल. ब्लीच केलेलं म्हणतेस पण खळ पूर्ण गेली होती का? आयोडीनचा थेंब टाकून बघितलास? निळा पडला तर स्टार्च आहे आत. मी ३१ वर्षं प्रोसेस हाऊसला काढली, अर्ध्या तक्रारी डायच्या नावानं यायच्या आणि निघायच्या डिसायझिंगच्या, म्हणजे खळ काढण्याच्या. खळ राहिली की पाणी एकसारखं मुरत नाही, मग तुझं पॉलिमर कुठं जाड कुठं पातळ बसणार आणि प्रत्येक तुकड्याचा आकडा वेगळा येणार.

दुसरं, पांढरं फडकं घेऊन कापडावर घास. काळं किती सुटतंय? बाथमध्ये तयार होऊन नुसती वर बसलेली भुकटी असेल तर ती निघून जाणार आणि तिच्याबरोबर तुझा करंटही. कापडाला धरून बसलेलं पॉलिमर तेवढं खरं.

रसायन_शाळा
मंगळवार, सकाळी ९:३०

काकांचा मुद्दा अगदी बरोबर. पायरोलचं ऑक्सिडेशन सुरू झालं की छोट्या साखळ्या तयार होतात, त्या धाग्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि तिथंच वाढतात, ते हवंय आपल्याला. फेरिक एकदम ओतलं किंवा बाथ गरम राहिला की त्या पाण्यातच वाढून भुकटी होतात. थंड बाथ आणि हळू हात हे तू बरोबर केलंस. पायरोल बाटलीतून काढलं तेव्हा पिवळसर-तपकिरी होतं का? उजेडात आणि हवेत ते आपोआप काळवंडतं, वापरायच्या आधी डिस्टिल करून घेतलेलं बरं. फेरिक आणि पायरोलचं मोलर प्रमाण २.३ च्या आसपास ठेव, कमी पडलं तर अर्धवट राहतं.

आणि हे सगळं फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) कर. पॉलिअ‍ॅनिलिन (अ‍ॅनिलिनपासूनचं असंच दुसरं पॉलिमर) करायचा मोह झाला तर आधी इथे विचार, अ‍ॅनिलिन कातडीतून आत जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घालवतं.

पहिली_पाळी
मंगळवार, दुपारी १:२०

मध्येच विचारतो, राग मानू नका. मी लूमवरचा माणूस, पॉलिमर म्हणजे प्लास्टिकच ना? वायरवर प्लास्टिक असतं ते करंट अडवायला, मग यातून करंट जातो कसा?

रसायन_शाळा
मंगळवार, दुपारी २:०५

राग कसला, हाच मूळ प्रश्न आहे. साध्या प्लास्टिकमध्ये इलेक्ट्रॉन आपापल्या बंधात अडकलेले असतात. या पॉलिमरांच्या साखळीत मात्र एक बंध एकेरी, पुढचा दुहेरी, परत एकेरी असं चालतं, त्यामुळे इलेक्ट्रॉनांना साखळीभर सरकायला वाट असते, पण वाट नुसती असून भागत नाही. भरलेल्या एसटीत कुणीच जागेवरून हलू शकत नाही, दोन-चार सीट रिकाम्या झाल्या की लोक सरकायला लागतात. त्या सीट रिकाम्या करणं म्हणजे डोपिंग. ऑक्सिडंट काही इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि चार्जचा तोल सांभाळायला एक ऋण आयन साखळीशेजारी येऊन बसतो, त्याला डोपंट म्हणतात. सायलीच्या कापडात तो पीटीएसएचा आयन आहे, थोडा क्लोराइडही असणार.

१९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीनला आयोडीन दिलं आणि त्याची वाहकता कोटीच्या पटीत वाढली, त्यासाठी २००० सालचं केमिस्ट्रीचं नोबेल तिघांना मिळालं. कापडावर पॉलिपायरोल चढवायचं काम अमेरिकेत मिलिकन कंपनीच्या लोकांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी केलं, सायली आज जे करतेय त्याचं मूळ तिथं आहे.

पहिली_पाळी
मंगळवार, दुपारी २:४०

एसटीवरून लगेच कळलं. आभारी आहे, चालू द्या.

सायली_इचल
बुधवार, रात्री ९:५०

सगळ्यांना खूप थँक्यू, दिवसभर लॅबमध्ये हेच करत होते.

काका, आयोडीन टेस्टला कोपऱ्यात हलका निळा आला!! म्हणजे खळ होती. नवीन कापड एन्झाइमनं डिसाइझ करून, स्कावर करून (अल्कलीत उकळून साफ करून) नवीन बॅच काढली.

मीटर दादा, टेप उचलली तर खाली हिरवट डाग आणि टेप काळी पडलेली.

नव्या बॅचच्या २ सेंमी पट्टीवर क्रोकोडाइल क्लिपनं वाचनं घेतली, ताण्याच्या दिशेनं. २ सेंमीला ४९५, ४ ला ७९०, ६ ला ११२०, ८ ला १४१० आणि १० ला १७३५. रेघ खरंच सरळ आली! मागं वाढवली तर शून्याला १८५ च्या जवळ छेदते.

मीटर_हातात
बुधवार, रात्री १०:१०

शाब्बास. म्हणजे जोडच १८५ ओहम खातायत. चढ बघ, ८ सेंमीत १२४० वाढले म्हणजे सेंमीला १५५, रुंदी २ सेंमी, म्हणून ३१० ओहम पर स्क्वेअर. गाईडना सांगायचा आकडा हा. पर स्क्वेअर म्हणजे चौरस सेंमी नव्हे, हे नीट समजून घे. कुठलाही चौकोनी तुकडा, २ बाय २ चा असो की २० बाय २० चा, समोरासमोरच्या कडांमध्ये ३१० च दाखवणार, कारण लांबी वाढली तशी रुंदीही वाढली. २ रुंद आणि १० लांब पट्टीत पाच चौकोन एकामागे एक म्हणून १५५०, त्यात जोडांचे १८५ मिळव, झाले १७३५.

आता त्या हिरव्या डागाचं. फेरिक क्लोराइडनं आम्ही इलेक्ट्रॉनिक्सवाले पीसीबीवरचं (सर्किट बोर्डवरचं) तांबं खातो, तेच ते! कापडात थोडं जरी उरलं असेल तर ते तुझ्या टेपला खाणार. तीन आठवड्यांत तुझं कापड किती बिघडलं आणि टेप किती सडली हे त्या २.१ किलोओहमवरून सांगताच येणार नाही. तांबं बंद कर, स्टेनलेस स्टीलच्या दोन पट्ट्या घे, प्रत्येकीवर अर्ध्या किलोचं वजन ठेव, दर वेळी तेच वजन.

चार जोडांनी मोजता आलं तर आणखी छान. बाहेरच्या दोन पट्ट्यांतून ९ व्होल्टच्या बॅटरीनं करंट सोड, एका मीटरवर तो वाच, आतल्या दोन पट्ट्यांमधला व्होल्टेज दुसऱ्या मीटरवर. व्होल्टमीटर करंट जवळजवळ घेतच नाही, म्हणून आतल्या जोडांचा रेझिस्टन्स आड येत नाही.

धागेदोरे_आखेन
गुरुवार, पहाटे २:३०

उशिरा आले धाग्यावर. मी जर्मनीत कापडाच्या ईसीजी इलेक्ट्रोडवर काम करते, यात हात पोळून झालेत म्हणून दोन गोष्टी सांगते.

ताणा आणि बाणा वेगवेगळे मोज. करंट सुतातून जातो आणि एका सुतातून दुसऱ्यात जिथं सुतं एकमेकांवर टेकतात तिथंच उडी मारतो. ताण्याला इंचाला धागे जास्त, वळणाची लाट वेगळी, त्यामुळे दोन दिशांचे आकडे वेगळे येणारच. तिरकी पट्टी कापलीस तर आणखी तिसरा, कारण तिथं एकही सूत या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही.

दुसरं म्हणजे पेपरांत कापडाची वाहकता सीमेन्स पर सेंमी मध्ये लिहितात ते मला अजिबात पटत नाही. त्यासाठी जाडी लागते, आणि जाडी कुणाची धरणार? कापडाच्या जाडीत बरीचशी हवा आणि कापूस, पॉलिमरचा थर धाग्याभोवती मायक्रॉनपेक्षाही पातळ. ओहम पर स्क्वेअर लिही, सोबत दिशा, दाब, हवेतली आर्द्रता आणि नमुन्याचं वय लिही. वय तर लिहीच.

पेडॉट पीएसएस (पाण्यात मिसळून तयार मिळणारं दुसरं कंडक्टिव्ह पॉलिमर) वापरून बघितलंस का? त्या डिस्पर्शनमध्ये ५ टक्के डीएमएसओ (एक सॉल्व्हंट) घालून पॅड करायचं, म्हणजे कापड बुडवून रोलरमधून पिळायचं, वाहकता कितीतरी पटीनं वाढते आणि हवेत पॉलिपायरोलपेक्षा जास्त टिकतं.

सायली_इचल
गुरुवार, सकाळी ८:१५

ताई, पेडॉटची किंमत बघितली आणि टॅब बंद केला, आमच्या प्रोजेक्टच्या पैशात छोटी बाटलीसुद्धा बसत नाही. पायरोल लॅबमध्ये होतं.

आर्द्रतेचं विचारायचंच होतं. इथे पाऊस सुरू झालाय, कॉटन पाणी ओढतं, मग पावसाळ्यात आकडा खाली नाही का येणार?

धागेदोरे_आखेन
गुरुवार, दुपारी १२:४०

तुझ्या कापडात पाण्यामुळे समांतर वाट तयार होईल पण तिचा हिशोब कर. नुसत्या कॉटनचा रेझिस्टन्स दमट हवेतसुद्धा मेगाओहमच्या घरात असतो. ३१० ओहमच्या शेजारी मेगाओहम जोडला तर फरक दिसणारच नाही. अँटिस्टॅटिक फिनिशवाल्यांचं वेगळं आहे, ते १० लाख ओहमच्या वरच काम करतात, तिथं कोरड्या दिवसाचा आणि पावसाळी दिवसाचा आकडा शंभर पटीनंही बदलू शकतो. तुझ्याकडे परिणाम होईल तो कापूस फुगल्यामुळे, सूत जाड होतं, टेकण्याच्या जागा सरकतात.

तरी नमुने एकाच हवेत ठेवून मोजावेत. तुमच्याकडे बहुतेक २७ डिग्री आणि ६५ टक्के धरतात. कंडिशनिंग रूम मिळत नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात जेवणातल्या मिठाचं लगदा होईल इतकं घट्ट द्रावण ठेव, वर जाळीवर नमुने, आत ७५ टक्के आर्द्रता आपोआप टिकते. मी पहिलं वर्ष असंच काढलं.

प्रोसेस_काका
गुरुवार, संध्याकाळी ६:३०

सगळं छान चाललंय पण मला एक सांगा, कार्बनची तार किंवा स्टीलचं सूत घातलं असतं बाण्यात तर हा सगळा खटाटोप कशाला? तयार हीटिंग पॅडमध्ये तेच असतं. कापडाला अ‍ॅसिड दाखवायचं, काळं करायचं आणि वर म्हणायचं टिकत नाही.

सायली_इचल
गुरुवार, रात्री ९:२०

काका, तारेचा तयार पट्टा पप्पांनी वापरलाय. तार जिथं असते तिथं चटका बसतो आणि मधे गार. वाकून वाकून सहा महिन्यांत तार तुटली आणि पूर्ण पट्टाच बंद पडला. कापडच तापलं तर ऊब सगळीकडे सारखी मिळते आणि एखादं सूत तुटलं तरी बाकीची चालतात. म्हणून हा हट्ट आहे.

प्रोसेस_काका
गुरुवार, रात्री ९:४५

हे पटलं. मग कापडाची ताकद तेवढी बघ. त्या रिअ‍ॅक्शनमध्ये अ‍ॅसिड सुटतंच आणि अ‍ॅसिड कॉटनला खातं. टेन्साइल काढ, आधी आणि नंतर.

सायली_इचल
पुढचा सोमवार, रात्री १०:०५

आठवडाभराचं सगळं एकदम सांगते. स्टीलच्या पट्ट्या आणि वजनं लावली, जोडांचा हिस्सा १८५ वरून २० वर आला!! तीनदा मोजलं तरी आकडा तोच, पहिल्यांदा रात्री नीट झोप लागली.

ताण्याकडून ३१०, बाण्याकडून ३६५. जुन्या बॅचचा जो तुकडा टेबलावर उघडा पडला होता तो स्टीलवर ४३० पर स्क्वेअर आला. त्याच बॅचचा एक तुकडा झिप पिशवीत हवा काढून ठेवलेला सापडला, तो ३४०. म्हणजे १० बाय ५ च्या तुकड्यात दोन स्क्वेअर, ८६० खरे कापडाचे, २१०० मधले उरलेले सव्वाबाराशे त्या सडलेल्या टेपचे. मी तीन आठवडे पॉलिमरला दोष देत होते.

घरच्या धुण्याच्या पावडरीत एक धुणं केलं, ३१० चे ५२० झाले. आणि काका, ताकद पडलीय, नव्या कापडाच्या मानानं हाताला सुद्धा जाणवतंय.

रसायन_शाळा
पुढचा सोमवार, रात्री १०:५०

उघड्यावर ४३० आणि पिशवीत ३४०, इथंच कारण दिसतंय. ऑक्सिजन साखळीवर बसतो आणि ती एकेरी-दुहेरीची वाट तोडतो. कापडावर थर पातळ आणि हवेला टेकणारा पृष्ठभाग प्रचंड, म्हणून कापडावर हे लवकर होतं. धुण्याचं कारण वेगळं, पावडर अल्कली असते, अल्कलीत पॉलिपायरोलचा प्रोटॉन जातो आणि डोपंट सुटून पाण्यात जातो. सौम्य अ‍ॅसिडमध्ये बुडवलं तर थोडं परत मिळेल, पूर्ण नाही. पॉलिअ‍ॅनिलिनमध्ये हे डोळ्यांना दिसतं, अ‍ॅसिडमध्ये हिरवं आणि वाहक, अल्कलीत निळं आणि जवळजवळ बंद.

पुढच्या बॅचला अँथ्राक्विनोन सल्फोनेट डोपंट घे. मोठा चपटा आयन आहे, साखळ्यांमध्ये अडकून बसतो, क्लोराइडसारखा पटकन निघून जात नाही. आणि कापड पॉलिस्टर घे, अ‍ॅसिडला दाद देत नाही. तयार झाल्यावर दोन्ही बाजूंनी टीपीयूची (लवचिक प्लास्टिकची) फिल्म लॅमिनेट कर, हवाही बंद आणि धुण्याचा प्रश्नही मिटला.

सायली_इचल
पुढचा सोमवार, रात्री ११:१०

सर ते करतेच, पण एक मोठा प्रॉब्लेम उरलाय. १० बाय १० चा पॅड, ३१० ओहम, १२ व्होल्ट लावले तर १४४ भागिले ३१०, अर्धा वॉटसुद्धा नाही. हाताला काहीच कळत नाही. मला १० वॉट तरी हवेत. रेझिस्टन्स २०-२५ पट कमी कसा करू? अजून चार थर चढवू का?

मीटर_हातात
पुढचा सोमवार, रात्री ११:४०

थर चढवू नकोस, कापड जाड आणि ताठ होईल आणि वीस पट कधीच मिळणार नाही. कापड आहे तेच ठेव, इलेक्ट्रोडची मांडणी बदल. चांदी चढवलेल्या धाग्यानं १० सेंमी लांबीच्या सहा रेघा शिव, दोन रेघांत २ सेंमी अंतर. एक आड एक रेघ प्लसला, बाकीच्या मायनसला, दोन कंगव्यांचे दात एकमेकांत घुसवावेत तसं. आता करंटला १० सेंमी चालायचं नाहीये, फक्त २ सेंमी. प्रत्येक पट्टा २ लांब १० रुंद, म्हणजे एक पंचमांश स्क्वेअर, ६२ ओहम. असे पाच समांतर, १२.४ ओहम. १२ व्होल्टला साडेअकरा वॉट. कापड तेच!

धाग्याचा स्वतःचा रेझिस्टन्स मात्र धर, दर मीटर लांबीला काही दशक ओहम असतो, बारीक असेल तर जास्तच. एका ओळीवर भागवलंस तर वायर जोडलेल्या टोकाकडे पॅड तापेल आणि दुसरं टोक गार. प्रत्येक रेघ तीन-चार ओळींनी शिव. आणि पॉलिपायरोल तापलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, तांब्याच्या उलट, म्हणजे जिथं तापेल तिथं करंट अजून ओढला जाईल, थर्मल कटऑफ आणि फ्यूज दोन्ही हवेतच. अ‍ॅडॉप्टर चांगल्यातला घे, झोपताना बांधायचं नाही हे पप्पांना सांग.

सायली_इचल
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:३०

एका ओळीच्या शिलाईवर १७ ओहम आले, टोकाला गारच होतं, दादांनी सांगितल्यासारखंच. चार ओळी घातल्यावर १४ आले, १२ व्होल्टला दहा वॉटच्या थोडं वर. बनियनवर बांधून आत थर्मामीटर ठेवला, ४३ डिग्रीला कटऑफ पडतो. टीपीयू लॅमिनेशन झालंय, काल पप्पांनी कंबरेला बांधून पूर्ण दुसरी पाळी केली. रात्री जेवताना म्हणाले उद्या चार्ज करून ठेव. बॅटरीवर चालत नाही अजून, लूमशेजारच्या प्लगवर अ‍ॅडॉप्टर आहे, ते समजावून सांगितलं.

आठ तासांनंतर परत मोजलं, १४ चे १४.३. दर रविवारी मोजून इथे टाकत जाईन. पॉलिस्टरची बॅच अँथ्राक्विनोन सल्फोनेट घालून परवा काढली, ताण्याकडून २७० पर स्क्वेअर, पण पांढऱ्या फडक्यावर काळं जास्त सुटतंय. काका, पॉलिस्टर आधी कॉस्टिकमध्ये थोडं खाऊ दिलं तर पकड वाढेल का, आणि वजन किती टक्के उतरवू?

प्रोसेस_काका
रविवार, रात्री ९:५५

वाढेल. पाच टक्क्यांच्या आत ठेव, जास्त उतरवलंस तर कापड लिबलिबीत होतं. नंतर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडनं न्यूट्रल केल्याशिवाय बाथमध्ये घालू नकोस. पप्पांना नमस्कार सांग.